६१ पुस्तकं आणि एक चष्मा

वाचकाचं पत्र:

गेल्या जानेवारीत ठरवलं होतं, वर्षभरात ६० पुस्तकं वाचायची. ३१ डिसेंबरच्या रात्री ६१वं संपवलं. वहीत सगळ्यांची नोंद आहे: नाव, संपवल्याची तारीख, पाचपैकी किती तारे. आमच्या वाचकगटात दरवर्षी प्रत्येकानं आपली ‘वर्षातली आवडती १०’ सांगायची असतात, म्हणून परवा वही उघडून बसले आणि घामच फुटला. १२ पुस्तकांना मी पाच तारे दिलेत. त्यातल्या सातांबद्दल मला काही म्हणजे काही आठवत नाही, मुख्य पात्राचं नावसुद्धा नाही.

जे सारखं आठवतं ते यादीतच नाही. ऑगस्टमध्ये एक कादंबरी अर्धी सोडली. वडील गेल्यावर भाऊ-बहीण त्यांची खोली आवरायला बसतात, एवढीच गोष्ट. भावाला कपाटात वडिलांचा चष्मा सापडतो. तो चष्मा डोळ्यांवर चढवतो आणि त्याला सगळं पुसट दिसायला लागतं. बहीण म्हणते, “काढ तो.” तो म्हणतो, “थांब, बाबांना आपण असे दिसायचो का बघू दे.” त्यानंतर तो चष्मा घालूनच तो कागदपत्रं लावायला घेतो, चुकीच्या गठ्ठ्यांत टाकतो, आणि बहीण काही न बोलता मागून ती नीट करत जाते. २१२व्या पानावर खूण घालून ठेवलं ते ठेवलंच. तेव्हा माझे बाबा आजारी होते. ऑगस्ट-सप्टेंबर त्यांच्या उशाशी गेले, त्या दोन महिन्यांत दोनच पुस्तकं झाली. आता ते बरे आहेत. ऑक्टोबरपासून मी अनुशेष भरून काढला.

गटातली एक मैत्रीण म्हणते, ऐकलेली पुस्तकं धरायची नाहीत (माझी ९ आहेत), आणि एक पुस्तक मी तिसऱ्यांदा वाचलं, तेही नाही. म्हणजे आकडाही गेला. इतकं वाचून हाती काही राहिलं नसेल तर वर्ष फुकटच गेलं ना? आणि ती १० निवडू तरी कशी?

– कोरी पाटी

उत्तर:

प्रिय कोरी पाटी,

मैत्रिणीचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो सोपा आहे. ऐकलेलं पुस्तक वाचलेलंच असतं. फरक एवढाच की छापील पुस्तकातली एखादी ओळ ‘डाव्या पानावर, खाली कुठेतरी’ अशी आठवते आणि ऐकलेली ओळ ती ऐकताना आपण ज्या वळणावर होतो त्या वळणासकट आठवते. तिसऱ्यांदा वाचलेल्या पुस्तकाबद्दल तर बोलायलाच नको. एखादं पुस्तक आवडतं याचा याहून सज्जड पुरावा मला तरी माहीत नाही. ते तुमच्या १०मध्ये आलंच, बाकीची नऊ शोधू. (मैत्रिणीला हे सांगायच्या भानगडीत पडू नका. मोजणारी माणसं ऐकत नसतात.)

आता तुमच्या घामाबद्दल. मीही बरीच वर्षं अशी वही ठेवते आणि तिनं माझी चांगली जिरवली आहे. एका वर्षी एक पुस्तक माझ्या वहीत दोनदा निघालं, फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरमध्ये. दोन्ही वेळा मी ते पहिल्यांदाच वाचतेय असं समजून वाचलं होतं. फेब्रुवारीतला शेरा होता ‘अप्रतिम’. ऑक्टोबरमधला होता ‘ठीक. कुठेतरी वाचल्यासारखं.’ तेव्हा सात पुस्तकं विसरल्याची लाज माझ्यापुढे तरी बाळगू नका.

विसरण्याची पहिली नीट मोजदाद हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली छापली. प्रयोगातला माणूस एकच, तो स्वतः. दोन बाजूंना व्यंजनं आणि मधे स्वर अशी काहीही अर्थ नसलेली अक्षरं त्यानं माळेसारखी ओवून पाठ केली. मग काही वेळ जाऊ द्यायचा आणि तीच माळ पुन्हा पाठ करायला बसायचं. त्याचा तो घसरत जाणारा आलेख आज सगळीकडे दाखवतात, ‘बघा, एका दिवसात दोनतृतीयांश गेलं’ म्हणून. पण त्यानं मोजलं होतं ते वेगळंच. किती आठवतंय हे त्यानं विचारलंच नाही. दुसऱ्यांदा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती श्रम वाचले, हे त्यानं पाहिलं. २० मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचले, एका दिवसानं सुमारे ३४ टक्के आणि ३१ दिवसांनीसुद्धा २१ टक्के. म्हणजे जी माळ तोंडातून निघत नव्हती, पूर्ण गेली असंच वाटत होतं, तिचाही काही भाग आत कुठेतरी शिल्लक होता. ‘वाचणं’ या क्रियापदाचे दोन्ही अर्थ असे एका वहीत भेटतील असं त्या जर्मन गृहस्थाच्या स्वप्नातही आलं नसेल.

आणि ही कथा निरर्थक अक्षरांची. त्यानंच पुढे खऱ्या कवितेची कडवी पाठ करून पाहिली, तर श्रम साधारण एकदशांशच लागले. तुम्ही वर्षभर निरर्थक अक्षरं वाचत नव्हतात (डिसेंबरबद्दल पुढे बोलू). म्हणून त्या सात पुस्तकांवर फुली मारण्याआधी एक करून पाहा. त्यातलं कुठलंही उचला, मधलं कुठलंही पान उघडा आणि दोन पानं वाचा. तिसऱ्या-चौथ्या ओळीला ‘आता ती दार उघडणार आणि तो तिथे नसणार’ असं आतून कुणी कुजबुजलं, तर पाटी कोरी नाही, नुसती धूळ बसलीय. दोन पानांनंतरही आत शुकशुकाट असेल, तर त्याचे तारे खुशाल काढून घ्या. वही तुमची, तारे तुमचे. तसेही ते दिलेत कधी, शेवटचं पान मिटल्या मिटल्या, रात्री, भरल्या डोळ्यांनी. त्या तासाला कुणालाही काहीही द्यावंसं वाटतं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. पाच तारेवाल्या १२ पुस्तकांना मिळून त्यात दोन-तीन वाक्यं आहेत. त्यातल्या एकाचीही गोष्ट, एकही पात्र, एकही ओळ तुम्ही मला सांगितलेली नाही. मधला अख्खा परिच्छेद मात्र तुम्ही चष्म्याला दिलात. संवाद दिलेत. पान क्रमांक दिलात. बहीण मागून कागद नीट करत जाते, हे तर तुम्ही इतक्या मायेनं लिहिलंय की मला ती बहीण दिसली. यादी करता येत नाही म्हणून तुम्ही पत्र लिहिलंत आणि यादीचा पहिला क्रमांक त्याच पत्रात लिहून मोकळ्या झालात.

‘पण ते तर पूर्ण वाचलं नाही,’ असं तुम्ही म्हणाल. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकानं १९९२मध्ये वाचकाचे १० हक्क सांगितले. त्यात तिसरा आहे पुस्तक पूर्ण न करण्याचा. (चौथा पुन्हा वाचण्याचा. मैत्रिणीला हा सांगायला हरकत नाही.) पुस्तक सोडण्याची कारणं सारखी नसतात. कंटाळून सोडलेलं पुस्तक वेगळं आणि अंगावर आलं म्हणून खाली ठेवलेलं वेगळं. तुमच्या पत्रात कंटाळ्याचा मागमूस नाही. पुस्तकातले वडील गेले होते आणि तुमचे पलंगावर होते. त्या अवस्थेत २१२ पानांपर्यंत तुम्ही कशा पोचलात याचंच मला नवल वाटतं. शिवाय खूण घालून ठेवलंत. टाकून द्यायच्या पुस्तकात कुणी खूण घालत नाही.

एक सावधगिरीची सूचना मात्र देते. तो प्रसंग पुस्तकात तुम्ही सांगितला तसाच असेल याची खात्री बाळगू नका. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञानं १९३२मध्ये आठवणींवरचे आपले प्रयोग पुस्तकरूपानं मांडले. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक भुताखेतांची, जरा तुटक वाटणारी लोककथा त्यानं इंग्लंडमधल्या वाचकांना वाचायला दिली आणि नंतर, काहींना तर कित्येक महिन्यांनी, आठवेल तशी सांगायला लावली. गोष्ट आखूड होत गेली. जे चमत्कारिक वाटलं ते गळालं, जे उरलं ते सांगणाऱ्याच्या जगातलं झालं. सीलच्या शिकारीला निघालेली माणसं मासेमारीला निघाली. आपण पुस्तक आठवतो तेव्हा खरं तर ते पुन्हा लिहीत असतो. कोण जाणे, कादंबरीतली बहीण “काढ तो” म्हणालीही नसेल. ते तुम्हीच म्हणाला असाल, ऑगस्टमध्ये, उशाशी बसून. असेल तर असो. आवडत्या पुस्तकात वाचकाच्या हातचं काहीतरी मिसळलेलं असतंच, आणि जे पुस्तक तसं मिसळू देत नाही ते मला कितीही थोर असलं तरी परकंच वाटत आलंय.

तर ती १०. वही लपवून ठेवा. फोनही दुसऱ्या खोलीत. एक कोरा कागद घ्या आणि गेल्या वर्षीच्या वाचनातलं जे वर येईल ते लिहीत जा. पुस्तकांची नावं लिहू नका, नावं मागितली की मन परीक्षेला बसल्यासारखं गप्प होतं. चित्र लिहा, ओळ लिहा, चिडचिड लिहा. ‘तो नदीकाठचा माणूस.’ ‘बर्फात बुटांचा आवाज.’ ‘ज्या लेखकाशी मी आंघोळ करताना भांडले तो.’ पहिली पाच मिनिटं काही येणार नाही. बसून राहा. मग एक येतं आणि त्याच्या शेपटाला धरून दुसरं. साधारण अर्ध्या तासानं झरा आटला की वही काढा आणि कुठलं चित्र कुठल्या पुस्तकातलं ते जुळवा. तुमच्या लक्षात येईल की कागदावर आलेली निम्मी तरी पुस्तकं तीन ताऱ्यांची आहेत. काहींवर तर तुम्ही रागावून शेरा मारलेला असेल. माझ्या कागदावर गेल्या वर्षी सगळ्यात आधी आलं ते एक रेल्वेमार्गांच्या इतिहासाचं रटाळ पुस्तक, कारण त्यातलं एक वाक्य मी पुढे तीन ठिकाणी, तीन वेगळ्या वादांत, माझंच असल्यासारखं वापरलं होतं.

हा कागद भरला की आणखी दोन गोष्टी स्वतःला विचारा. कुठल्या पुस्तकाबद्दल तुम्ही कुणालातरी, समोरच्यानं विचारलं नसताना, सांगत सुटलात? आणि कुठलं पुस्तक कुणाला दिलंत आणि ते परत न आल्याची हुरहूर लागून राहिलीय? अशांना मी डोळे मिटून आवडत्यांत घालते. ज्यांच्याबद्दल तुम्हाला फक्त ‘फार महत्त्वाचं पुस्तक आहे’ एवढंच म्हणता येतं त्यांना लांबून नमस्कार. आदर वेगळा, आवड वेगळी. वाचकगटात लोक बहुतेकदा आदराची यादी वाचून दाखवतात. तुम्ही आवडीची वाचा, आणि ती १०ची झाली नाही, सहाची झाली, तरी सहावर थांबा. दहा या आकड्याला आपल्या हाताच्या बोटांपलीकडे काही आधार नाही.

शेवटच्या तिमाहीबद्दल बोलायचं राहिलं. आकडे तुम्हीच दिलेत. वर्षाची ६१, ऑगस्ट-सप्टेंबरची दोन. तुमची वही माझ्यासमोर नाही, पण ‘अनुशेष भरून काढला’ या शब्दांवरून पैजेवर सांगते, की ऑक्टोबरनंतरची पुस्तकं अंगानं बारीक आहेत. १२०-१५० पानी. आणि विसरलेल्या सातांतली बरीचशी त्यातलीच. बारीक पुस्तकांना मी नावं ठेवत नाहीये, माझी काही सगळ्यात लाडकी पुस्तकं १०० पानांच्या आतली आहेत. पण पुस्तक जाडीवरून निवडायला लागलो की आपण वाचत नसतो, हप्ते फेडत असतो. तो अनुशेष कुणाचा होता हो? दोन महिने तुम्ही बाबांजवळ होतात. ते वाचनाच्या हिशेबातलं कर्ज कधीपासून झालं?

वही मात्र सोडू नका. यादी ठेवणाऱ्यांत मोठमोठी माणसं होऊन गेली. चार्ल्स डार्विननं १८३८ ते १८६० अशी २२ वर्षं वाचनाच्या वह्या ठेवल्या होत्या, वाचायची पुस्तकं आणि वाचलेली पुस्तकं. त्यातल्या काही नोंदींपुढे त्यानं ‘सुमार’, ‘नुसतं चाळलं’ असे शेरे प्रामाणिकपणे मारून ठेवलेत. ‘नुसतं चाळलं’ लिहायचं धाडस माझ्यात यायला पन्नाशी उलटावी लागली. याच डार्विननं १८७६मध्ये, साठी ओलांडल्यावर, आत्मचरित्रपर टिपणं लिहिली. त्यात तो म्हणतो की तरुणपणी कविता इतकी आवडायची, आता एक ओळ सोसवत नाही. शेक्सपिअर वाचायला घेतला तर शिसारी येण्याइतका कंटाळा आला. आयुष्य पुन्हा मिळालं तर आठवड्यातून एकदा तरी थोडी कविता वाचायची आणि थोडं संगीत ऐकायचं असा नियम करीन, असं त्यानं लिहिलंय. मला हा उतारा दरवर्षी डिसेंबरात आठवतो. त्यानं वाचन थांबवलं नव्हतं, ढीगभर वाचत होता. एक झरा मात्र आटला, आणि तो आटल्याचं उशिरा कळलं.

म्हणून वही परत उघडाल तेव्हा तिच्यात काय नाही तेही बघा. कविता शेवटची कधी वाचलीत? नाटक? आपल्याला मुळीच पटत नाही अशा माणसाचं एखादं पुस्तक? की एकसष्टच्या एकसष्ट कादंबऱ्याच आहेत आणि त्यातल्या ४० एकाच धाटणीच्या? उत्तर मला कळवायची गरज नाही. मी माझी वही अशी तपासली तेव्हा सलग दोन वर्षांत एकही प्रवासवर्णन निघालं नाही. एके काळी मी दुसरं काही वाचतच नव्हते.

यंदाच्या वहीत एक बदल सुचवते. ताऱ्यांचा रकाना महिनाभर रिकामा ठेवा. त्याऐवजी पुस्तक संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, पुस्तक मिटलेलं असताना, आठवून तीन ओळी लिहा. उघडून लिहाल तर ती नक्कल होईल. २००६मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर हे तपासलं होतं. उतारा वाचून झाल्यावर काहींनी तोच पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं पारडं फिरलं, आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात जास्त राहिलं. तीन ओळींत कथानक लिहू नका, ते पुस्तकाच्या पाठीवर छापलेलं असतंच. कुठे थबकलात ते लिहा, आणि तेव्हा आजूबाजूला काय चाललं होतं ते. ‘पान २१२. बाबांना नुकतीच झोप लागली होती’, एवढंही पुरे.

आणि अर्धवट पुस्तकांसाठी वहीच्या मागच्या बाजूनं एक पान सुरू करा. तिथे पहिली नोंद कोणाची हे मी सांगायला नको.

त्या भावाचं एक गणित चुकलंय, हे तुमच्या लक्षात आलं का? बाबांना आपण असे पुसट दिसायचो का, असं तो विचारतो. पण बाबांना त्याच काचांतून सगळं स्वच्छ दिसत होतं. पुसट दिसतंय ते त्याला, कारण डोळे त्याचे आहेत. हे त्याला पुढे कुठल्या पानावर उमगतं की नाही, की बहीणच त्याला सांगते, मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. आता बाबा बरे आहेत म्हणता. बसून वाचा, जमलं तर त्यांच्याच शेजारी.

आणि एक करा. अख्ख्या पत्रात तुम्ही त्या कादंबरीचं नाव लिहिलेलं नाही. उलट टपाली कळवा, मला हवंय.

तुमची,
सदरवाली